उजेडरावांनी पाडलेलं ऊन

उजेडरावांचं हे नाव त्यांच्या सासऱ्यांनी ठेवलेलं. मुलगी द्यायची वेळ आली तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, मुलगा करतो काय? मध्यस्थ म्हणाला, नाट्यगृहात असतो, रंगमंचावर उजेड पाडतो. सासऱ्यांनी समोर बसलेल्या त्या हडकुळ्या मुलाकडे बघितलं. त्याचं बिस्किट चहात बुडालं होतं आणि तो ते बोटाने शोधत होता. सासरे म्हणाले, पाडलेला दिसतोय. तेव्हापासून हे उजेडराव. खरं नाव पेन्शनच्या कागदावर असेल कुठेतरी, पण त्या नावाने हाक मारली तर ते स्वतःसुद्धा मागे वळून बघायचे नाहीत.

आता दिवेवाला म्हटलं की लोकांना वाटतं, बटण दाबलं की लागला दिवा, त्यात काय एवढं. उजेडरावांसमोर असं कुणी बोललं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. त्यांच्या मते त्यांचा धंदा हवामानाचा होता. नाटकात दुपार पाहिजे, तर रणरणती दुपार त्यांनी करायची. ढगाळ पाहिजे, तर प्रेक्षकांनी छत्र्या चाचपाव्यात असं ढगाळ. आणि पहाट तर त्यांचीच. त्यांची पहाट नेमकी सुरू कधी झाली हे कुणालाच सांगता यायचं नाही. बसलेल्या माणसाला एकदम जाणवायचं की अरे, समोरच्या बाईचा चेहरा दिसायला लागलाय की! त्या पहाटेसाठी ते उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरच्या दांडीला असा हात लावून बसायचे की झोपलेल्या बाळाच्या अंगावरून पांघरूण काढतोय असं वाटावं.

माणूस मात्र भारी खोडकर. एकदा एका बड्या नटाने त्यांना सगळ्यांसमोर झापलं. रात्रीच्या प्रयोगात नटमहाशय नायिकेला म्हणाले, माझ्याकडे बघ. आणि उजेडरावांनी त्यांच्या तोंडावर खालून हिरवा झोत सोडला. नायिका किंचाळली. ते नाटकात नव्हतं. नटाने नंतर चौकशी लावली तेव्हा उजेडरावांनी बल्बवर ढकललं आणि बल्ब बिचारा काय बोलणार.

त्यांची बायको ह्याच्या अगदी उलट. त्याच नाट्यगृहात ती तिकिटाच्या खिडकीत बसायची, म्हणून सगळे तिला खिडकीबाई म्हणायचे. खोटं म्हणून तोंडातून निघायचं नाही. तिकीट मागायला आलेल्याला ती आधीच सांगायची, ही खुर्ची खांबामागे आहे, अर्धंच नाटक दिसेल, घ्यायची तर घ्या. कधी कधी तर म्हणायची, मध्यंतरानंतर नाटक पडतं, लवकर घरी जायचं असेल तर तेव्हा निघा. व्यवस्थापक डोकं धरून बसायचे. तिला काढून टाकावं असं त्यांच्या कैकदा मनात आलं, पण गंमत अशी की लोक त्याच खिडकीशी रांग लावायचे. ती चांगलं आहे म्हणाली तर ते चांगलंच असणार, एवढी तिच्या शब्दाला किंमत होती.

असं हे जोडपं निवृत्त झालं आणि नाट्यगृहाच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला लागलं. डिमर बिघडला की उजेडरावांशिवाय कुणाचं पान हलायचं नाही, म्हणून व्यवस्थापकांनीच त्या खोल्या दिल्या होत्या. खोल्यांसमोर मागचं अंगण. अंगण कसलं, नाटकांची अडगळ. मोडकी सिंहासनं, पुठ्ठ्याचे खांब, एका पायाचा पलंग. खिडकीबाईंनी पदर खोचला, म्हणजे शाल कमरेला बांधली, आणि हळूहळू ती सगळी अडगळ एका बाजूच्या शेडमध्ये ढकलली. मग लिंबं लावली, रुई आपोआप उगवली ती राहू दिली, भिंतीच्या कडेला रानफुलं पसरली. लिंबाच्या पानांवर आळ्या पडल्या तेव्हा शेजारच्या इमारतीतल्या बाईने औषध फवारायला दिलं. खिडकीबाईंनी ते परत पाठवलं. खाऊ देत, म्हणाल्या. आळ्यांनी पानं खाल्ली, कोष केले, आणि एका सकाळी अंगणात फुलपाखरं.

तिथून त्यांना जो नाद लागला तो लागलाच. आणि फुलपाखरांचा नाद म्हणजे हवेचा नाद, हे त्यांना पहिल्या दोन वर्षांतच कळून चुकलं. एका वर्षी उन्हाळा असा तापला की कोवळी पानं करपली, आळ्या अर्ध्या भुकेल्या राहिल्या आणि जी फुलपाखरं निघाली ती नखाएवढी. त्यानंतरच्या वर्षी उलटं. ऐन अंडी घालायच्या दिवसांत पाऊस थांबेचना. पानांवरची अंडी धुऊन गेली, आळ्यांना बुरशी आली, आणि जी मोठी झाली होती त्यांना गारठ्यात उडता येईना. उडता येत नाही म्हणजे फुलाशी जाता येत नाही, म्हणजे उपाशी. त्या वर्षी अंगण सुनं सुनं होतं. खिडकीबाई रोज दारात उभ्या राहून आभाळाला बोल लावायच्या. उजेडराव म्हणायचे, अगं, तुझी ही मंडळी नटांसारखीच दिसतात, दिवे लागल्याशिवाय बाहेर यायची नाहीत. त्यावर खिडकीबाई म्हणाल्या होत्या की लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदाच काहीतरी शहाण्यासारखं बोललात.

आणि यंदा? यंदा हवेने नुसती लयलूट केली होती. थोडा पाऊस, मग स्वच्छ ऊन, परत थोडा शिडकावा, परत ऊन. लिंबाला पालवीच पालवी. आळ्या टम्म फुगलेल्या. ऊन चढलं की अंगणात नारिंगी, पिवळी, काळीपांढरी अशी काही गर्दी उसळायची की उजेडरावांना चहाच्या कपावर बशी झाकावी लागायची.

नेमकी यंदाच नाट्यगृहाच्या मंडळाला गाड्या लावायला जागा पाहिजे झाली.

जागा कुठे आहे? मागे आहे की, रिकामी. मंडळाने रीतसर पाहणीही करून घेतली होती, पण ती कधी, तर गेल्या वर्षीच्या त्या पावसाळी, सुन्या दिवसांत. छत्री घेऊन एक मनुष्य आला, अंगणाच्या दारात उभा राहिला, पाय चिखलात घालायचा नाही म्हणून तिथूनच मान लांब करून बघितलं आणि लिहून गेला की जागेत विशेष काही आढळलं नाही. खिडकीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी मंडळाच्या कचेरीत इतक्या चकरा मारल्या की शिपाई त्यांना न विचारताच पाणी आणून द्यायला लागला. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, ठीक आहे, आम्ही स्वतः एकदा येऊन बघतो. फुलपाखरं दिसली तर जागा सोडू. नाही दिसली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी जमीन सपाट करायचं यंत्र आत घालू. एकदाच येऊ हां, असंही म्हणाल्या. मंडळाचा इंजिनिअर तर आधीच येऊन अंगणात खुंट्या ठोकून, दोऱ्या बांधून गेला. एक दोरी बरोबर लिंबाच्या बुंध्याला घासून गेली होती.

ठरलेल्या दिवशी सकाळी खिडकीबाईंनी दार उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. आभाळ राखाडी. सूर्याचा पत्ता नाही. हवेत असा गारठा की तोंडातून वाफ निघत होती. अंगणात एक पंख हलत नव्हता. सगळी मंडळी पानांखाली पाय घट्ट रोवून, पंख मिटून बसली होती, आणि ज्याला कुठे बघायचं हे माहीत नाही त्याला ती सुकलेली पानंच वाटली असती.

त्या आत आल्या, शाल घेतली, आणि म्हणाल्या की आज काही दिसायचं नाही, मी त्यांना तसं सरळ सांगणार आणि दुसरा दिवस मागणार. उजेडराव हो म्हणाले. अगदी साळसूदपणे म्हणाले. इथेच खरं तर खिडकीबाईंना संशय यायला पाहिजे होता, पण त्या बाईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मंडळाचे लोक यायला वेळ होता तरी त्या तेव्हाच समोरच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

उजेडरावांना एक गोष्ट माहीत होती जी त्यांनी बायकोला सांगितली नव्हती. आदल्या दिवशी त्यांनी व्यवस्थापकांना खोदून खोदून विचारलं होतं. दुसरा दिवस वगैरे काही मिळणार नव्हता. यंत्र भाड्याने ठरलं होतं, चालकाला वेळसुद्धा दिली होती. आणि संध्याकाळी रेडिओने उद्या ढगाळ म्हणून सांगितलं. बायकोचा चेहरा त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागला, यंत्र आत शिरताना बघणारा. तो त्यांना बघवेना. मग त्यांनी ठरवलं, आभाळाला जमत नसेल तर आपण करू. आयुष्यभर दुसरं केलं काय?

बायकोची पाठ वळली मात्र, उजेडराव शेडमध्ये शिरले. एका जुन्या नाटकातली पुठ्ठ्याची विहीर त्यांनी ओढत आणून लिंबांच्या मधोमध ठेवली आणि तिच्या पोटात दोन दांडगे दिवे घातले. हे दिवे असे तापायचे की त्यांच्याखाली नट भिजून चिंब व्हायचे. एक पोकळ बुंधा होता, तो रुईच्या कडेला ठेवला, त्यातही एक. नाट्यगृहाच्या मागच्या भिंतीला वरच्या मजल्यावर खिडक्या होत्या, त्यांत उरलेले सगळे झोत लावले, समोर पिवळ्या काचा. वायरी गवताखालून फिरवल्या. आणि मग वरच्या खिडकीत, पडद्याआड, डिमरची दांडी मांडीशी घेऊन बसले. कमरेतून कळ येत होती, श्वास फुलला होता, पण सगळं आवरलं तेव्हा स्वतःशीच खुसखुसत होते.

हळूहळू दांडी वर घेतली. घाई केली असती तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. आधी अंगणाला नुसती ऊब दिली. मग जरासा सोनेरीपणा. मग गवताच्या टोकांवर चमक. ढग विरळ झाल्यावर ऊन कसं चोरपावलांनी येतं तसंच त्यांनी ते आणलं. आणि एका पानाखालून एक नारिंगी फुलपाखरू चालत चालत वर आलं, पानावर बसलं आणि त्याने पंख सपाट पसरून उजेडाकडे पाठ केली. तापायला बसलं. उजेडरावांना टाळ्याच ऐकू आल्यासारखं झालं. आतापर्यंत त्यांच्या पहाटेने माणसं फसली होती. फुलपाखरू फसलं हा वेगळाच मान होता.

तेवढ्यात मंडळ आलं. पुढे खिडकीबाई, मागे अध्यक्षबाई जाडजूड पांढऱ्या स्वेटरमध्ये, त्यांच्यामागे कीटकांचे प्राध्यापक, आणि सगळ्यात मागे टकलावर टोपी घातलेला इंजिनिअर, काखेत नकाशा. खिडकीबाई सांगत होत्या की फुलपाखराचं अंग स्वतःहून तापत नाही, त्याला ऊन लागतं, म्हणून अशा हवेत ती उडत नाहीत. आज तुम्हाला एकही उडताना दिसणार नाही, मी फसवणार नाही, पण मी पानांखाली दाखवते. प्राध्यापक मान डोलवत होते, अगदी बरोबर म्हणत होते. आणि सगळे अंगणात वळले.

अंगण उडत होतं.

विहिरीभोवती पिवळ्यांची झुंबड, लिंबावर काळीपांढरी, रुईवर नारिंगी. अध्यक्षबाईंच्या तोंडून फक्त अगं बाई एवढंच निघालं. मग त्या खिडकीबाईंकडे वळल्या आणि हसत म्हणाल्या की तुम्ही तर म्हणत होतात एकही दिसणार नाही. प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आपण इतकी वर्षं शिकवतोय ते चुकीचं की काय अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

खिडकीबाईंनी आभाळाकडे बघितलं, आभाळ राखाडीच. अंगणाकडे बघितलं, तिथे ऊन. मग त्यांनी खाली जमिनीकडे बघितलं. लिंबाला दोन सावल्या होत्या. एक इकडे, एक तिकडे. अध्यक्षबाईंना दोन सावल्या, प्राध्यापकांना दोन. आणि विहीर? ह्या अंगणात विहीर कधी झाली? त्यांनी मान वर करून वरच्या खिडकीकडे बघितलं तेव्हा पडदा किंचित हलला.

वरून उजेडरावांना सगळं दिसत होतं. आपल्या बायकोला कळलंय हेही दिसलं. ते तिथूनच हात जोडायला लागले, खुणा करायला लागले, ओठांवर बोट ठेवून नाचायला लागले. कारण खाली अध्यक्षबाई इंजिनिअरला सांगत होत्या की हे पाहिल्यावर काही प्रश्नच राहिला नाही, गाड्यांचं दुसरीकडे बघू. जिंकली होती जागा! नुसतं गप्प बसायचं होतं. बाकी काहीही करायचं नव्हतं, नुसतं गप्प. इंजिनिअर मात्र अजून विहिरीभोवती घुटमळत होता, त्याच्या नकाशात विहीर नव्हती आणि त्याला ते खपत नव्हतं. त्याने टोपी काढून कठड्यावर ठेवली आणि डोकं आत घातलं.

खिडकीबाईंनी लिंबाला हात लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, खोटं कशाला सांगू. पण आयुष्यभर ज्या तोंडाने खांबामागची खुर्ची खांबामागची म्हणून विकली, ते तोंड आता कुठे मिटणार होतं?

"बाई," त्या अध्यक्षबाईंना म्हणाल्या, "हे ऊन नाही. हा माझा नवरा आहे."

आणि बोट वर केलं. वर उजेडराव दचकून खाली बसले. बसताना कोपर मुख्य खटक्यावर आदळलं आणि फट्दिशी सगळं विझलं. ज्या माणसाने कधी पहाटेच्या मध्यात अंधार केला नव्हता, त्याने तो केला.

गारठा परत धावून आला. आता हवेत असलेल्या त्या सगळ्या फुलपाखरांनी करायचं काय? अंग थंड पडायला लागलं, झाडापर्यंत पोचवेना, तेव्हा जिथे ऊब दिसली तिथे ती उतरली. आणि अंगणात ऊब होती ती मंडळाची. अध्यक्षबाईंच्या पांढऱ्या स्वेटरवर खांद्यापासून मनगटापर्यंत रांग लागली. प्राध्यापकांच्या कानावर एक, चष्म्यावर एक. इंजिनिअर विहिरीतून डोकं बाहेर काढून, आत दिवे आहेत, दिवे आहेत असं ओरडत होता, आणि त्याचं टक्कल दिव्यांच्या उबेने नुकतंच मस्त तापलेलं. त्यावर चार पिवळी जाऊन बसली आणि तो ओरडायचा थांबला.

कुणीही हलू नका, असं खिडकीबाईंनी बजावलं. ह्यांना आता उडता येत नाही, झटकलंत तर खाली पडतील आणि मुंग्या तोडून खातील. त्यांचा आवाज असा होता की मंडळ जागच्या जागी थिजलं. पुतळेच. इंजिनिअरच्या नाकाला खाज सुटली होती हे सगळ्यांना दिसत होतं, पण त्याने हात उचलला नाही.

अध्यक्षबाई पुतळा झाल्या तरी तोंड मोकळं होतं आणि राग मस्तकात गेलेला. ओठ न हलवता बोलल्यासारख्या त्या बोलल्या, कारण एक काळंपांढरं हनुवटीच्या अगदी खाली होतं. ही शुद्ध फसवणूक आहे, मंडळाच्या डोळ्यांत धूळ फेकलीत, उद्या सकाळी यंत्र येईल म्हणजे येईल, असं सगळं त्या बोलल्या. उजेडराव एव्हाना खाली येऊन दाराच्या चौकटीला चिकटून उभे होते. त्यांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं. आपण बायकोचं अंगण वाचवायला निघालो आणि तिचा शब्दही घालवला, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

"लबाडी ह्यांची आहे," खिडकीबाई म्हणाल्या. "फुलपाखरं खरी आहेत. ती ह्यांनी पुठ्ठ्याची नाही केली."

मग त्या शांतपणे बोलत राहिल्या, आणि ऐकण्यावाचून कुणाला गत्यंतर नव्हतं. करपलेल्या वर्षाचं सांगितलं, धुऊन गेलेल्या वर्षाचं सांगितलं. फुलपाखरांची संख्या हवेवर वरखाली होते, एक वाईट वर्ष गेलं म्हणजे ती संपली असं नाही, थोडी उरली तरी चांगल्या वर्षी परत भरून येते, पण त्यासाठी जागा उरायला हवी. तुमचा माणूस त्या वाईट वर्षात, पावसात, छत्री घेऊन आला आणि दारातून बघून गेला. आज त्याला आणलं असतंत तर आजही त्याने काही नाही असंच लिहिलं असतं. आणि बघा तुमच्या अंगावर किती आहेत. प्राध्यापकांनी मान न हलवता हे खरं आहे म्हणून सांगितलं, आणि मग गेल्या वर्षीच्या पाहणीचा दिवस कुणी ठरवला असं हळूच विचारलं. अध्यक्षबाई खाली, स्वतःच्या बाहीकडे बघत होत्या. तिथे एक नारिंगी फुलपाखरू सोंड गुंडाळत उलगडत बसलं होतं आणि त्याचे पाय लोकरीत रुतले होते.

पण असं किती वेळ उभं राहणार? ऊन येण्याचं चिन्ह नाही. प्राध्यापकांचे दात वाजायला लागले. खिडकीबाईंनी नवऱ्याकडे वळून बघितलं. उजेडरावांनी मान खाली घातली.

"अहो," त्या म्हणाल्या, "वर जा आणि संध्याकाळ करा. हळू करा."

उजेडरावांना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. आधी ऊब द्यायची म्हणजे पंख मोकळे होतील, आणि मग उजेड असा उतरवायचा की त्यांना वाटावं दिवस संपला, निजायला चला. फट्दिशी नाही. ते जिना कसे चढले त्यांचं त्यांना ठाऊक. वर बसून त्यांनी डोळे पुसले, दांडीला हात लावला, आणि विहिरीतून, बुंध्यातून, खिडक्यांतून ऊन परत आलं. ह्या वेळी सगळ्यांना माहीत होतं ते कुठून येतंय, तरी सगळ्यांनी तोंडं तिकडे वळवली. थंडीच तेवढी होती. स्वेटरवरच्या रांगेने पंख पसरले. थोड्या वेळाने एक उठलं, मग दुसरं. मग उजेडरावांनी एकेक दिवा काढत उजेड लिंबाकडे सरकवत नेला, पिवळ्याचा तांबडा केला, तांबड्याचा विटकरी, आणि फुलपाखरं त्या उजेडामागे जाऊन एकेका पानाखाली शिरली. सगळ्यात शेवटी टकलावरची चार गेली. इंजिनिअरने तरीही हात उचलला नाही. भर सकाळी त्याने एक लांबलचक जांभई दिली.

अध्यक्षबाईंनी रिकाम्या बाहीवरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी सांगितलं की यंत्राला उद्याचं नाही म्हणून कळवा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी आम्ही परत येऊ, तो दिवस खिडकीबाईंनी सकाळी आभाळ बघून कळवायचा. आणि त्या दिवशी तुमच्या ह्या यजमानांनी आमच्यासमोर खुर्चीवर बसायचं, दोन्ही हात गुडघ्यांवर. सगळ्यांना दिसतील असे.

असा दिवस उगवायला फार वाट बघावी लागली नाही. आभाळ निळंशार, वारा नाही, ऊन सकाळपासूनच चटका देणारं. मंडळ आलं तेव्हा उजेडराव शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे खुर्चीत बसलेले, हात गुडघ्यांवर. आणि अंगणात जे काही चाललं होतं ते काय सांगावं! मधल्या दिवसांत बरेच कोष फुटले होते. रुई दिसत नव्हती, नुसती नारिंगी थरथर दिसत होती. ओल्या मातीवर पिवळ्यांचा थवा बसलेला, पाऊल टाकलं की सगळा थवा उडायचा आणि पुन्हा तिथेच बसायचा. लिंबाखालून चालताना प्राध्यापकांना हाताने वाट करावी लागत होती.

आणि नेमका कुणाचाच विश्वास बसेना. इंजिनिअरने लिंबाच्या बुंध्यावर टकटक करून बघितलं, मग भिंतीच्या दगडावर टकटक केलं, मग वरच्या मजल्यावर जाऊन एकेका दिव्याला हात लावून आला. सगळे थंडगार. त्याने गवत उचकटून वायरी शोधल्या, सापडलं ते एक गांडूळ. त्याने परत येऊन मान हलवली तरी अध्यक्षबाईंचं समाधान झालं नाही. इतकी फुलपाखरं? इतकं झक्क ऊन? बरोबर आज? त्यांनी डोळ्यांवर हात धरून सूर्याकडे तिरकं बघितलं, आणि मग खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या, "हे तुमचं काम आहे का?"

उजेडरावांनी वर बघितलं. ऊन लिंबाच्या पानापानांतून झिरपत खाली येत होतं, पानं हलली की तेही हलत होतं, आणि त्यात एकेक पंख पेटल्यासारखा दिसून विझत होता. आयुष्यभर ह्या माणसाने पहाटेच्या बाबतीत सूर्यालासुद्धा दोन गोष्टी शिकवाव्यात असा तोरा मिरवला होता. त्यांनी गुडघ्यांवरचे हात जरासे उचलले आणि परत ठेवले.

"नाही बाई," ते म्हणाले. "एवढं चांगलं मला जमत नाही."

खिडकीबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे असं बघितलं की जणू ह्या माणसाशी आपलं लग्न आजच झालंय. मग शालीने नाक पुसलं आणि अध्यक्षबाईंना म्हणाल्या, "हे लिहून घ्या. पुन्हा म्हणायचे नाहीत."

अध्यक्षबाईंनी हसत कागद काढला. अंगण आहे तसं राहील, असं आधी लिहिलं, आणि त्याच्या खालच्या ओळीत हेही लिहून घेतलं.